मागचा शॉकअप काढण्याची राजमान्य पद्धत

मोटारसायकलचा मागचा शॉकअप काढणे हे काम उगाचच अवघड समजले जाते, कारण त्याविषयी सांगणारी मंडळी मेन स्टँड, रिंग पाना आणि गंज सोडवणारे तेल अशा क्षुल्लक गोष्टींचा बाऊ करतात. दोन बाजूंना दोन शॉकअप असलेल्या साध्या शंभर सीसीच्या गाडीत एकूण चारच जोड सोडवायचे असतात, दोन वरचे आणि दोन खालचे. परवा माझी गाडी ज्या गॅरेजात गेली होती, तेथे हे काम ज्या झपाट्याने उरकले गेले ते पाहून (माझी तक्रार केवळ खालच्या रबरी बुशाच्या करकरीची होती, हा मुद्दा गौण आहे) ती पद्धत आपणा सर्वांपर्यंत पोहोचवणे मला कर्तव्य वाटले.

सर्वप्रथम, गाडी साइड स्टँडवरच राहू द्यावी. मेन स्टँडवर मागचे चाक अधांतरी झाले की शॉकअपवरचे वजन उतरते आणि एका वेळी एकच बाजू सोडवली की दुसऱ्या बाजूचा शॉकअप चिमट्याला, म्हणजे मागचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याला, जागेवर धरून ठेवतो, हे सारे पुस्तकी ज्ञान झाले. साइड स्टँडवर दोन्ही शॉकअप एकदम काढले म्हणजे सीट खाली बसते, मडगार्ड टायरवर टेकते, गाडी कलू लागते, आणि बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकाला "साहेब, जरा धरा की" असे म्हणून कामात सहभागी करून घेता येते.

सायलेन्सर आड येत असेल तर तो सोडवू नये, दाबून बाजूला करावा.

आता वरच्या जोडाचा डोम नट, म्हणजे गोल टोपीचा नट. कित्येक पावसाळे अंगावर घेऊन तो गंजलेला असतो. त्यावर तेल मारून अर्धा तास थांबणे म्हणजे वेळेचा अपव्यय. नेमक्या मापाचा रिंग पाना नटाला सहाही कोनांवर पकडतो, म्हणून तो टाळावा आणि ज्याचा जबडा जन्मापासूनच ढिला आहे असा स्क्रू पाना घ्यावा. दोन झटक्यांत नटाचे कोपरे गोल होतात. मग छिन्नी लावून हातोडा घालावा. छिन्नी घसरते, फ्रेमचा रंग उडतो, तिकडे लक्ष देऊ नये. शेवटी नट निघतो, पण येताना आतल्या दांड्याचे आटे घेऊन येतो. आणि हा दांडा म्हणजे दुकानात सुटा मिळणारा बोल्ट नव्हे, पुष्कळ गाड्यांत तो थेट फ्रेमलाच वेल्ड केलेला असतो. नट काही रुपयांत नवा मिळतो, फ्रेम मिळत नाही. फ्रेम बदलायची म्हटली तर तिच्यावरच्या चॅसी नंबरासाठी आरटीओत जावे लागेल, आणि आरटीओत जाणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. "आटे थोडे गेलेत, पण बसतंय," असे मला सांगण्यात आले. बसतंय! मागे बसलेल्या माणसाचे वजन प्रत्येक खड्ड्यात ज्या दांड्यावर आदळणार, तो निम्म्या आट्यांवर "बसतोय", आणि हे सारे कशासाठी, तर अर्धा तास थांबायचे नव्हते म्हणून!

गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाखाली भरलेला असतो; अडकलेल्या बुशाला ज्योत दाखवायची असल्यास निदान शेजाऱ्यांना आधी कल्पना द्यावी.

एकच शॉकअप असलेली होंडाची युनिकॉर्न २००४ पासून रस्त्यावर आहे, तरी तिला "नवीन सिस्टीम" म्हणावे आणि दोन विटांवर ठेवावी.

दोनांपैकी एकाचे सील गळत असेल तर तेवढा एकच बदलावा. स्प्रिंग वजन पेलते आणि आतले तेल बारीक भोकांतून वाहताना तिची उसळी आवरते, त्यामुळे एक नवा आणि एक दमलेला असे दोन शॉकअप लावले की चिमट्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे हिशेब चालू होतात आणि गाडी वळणावर डुलते. हा परिणाम अधिक खुलवण्यासाठी एका बाजूची स्प्रिंग ताणाच्या दुसऱ्या टप्प्यावर आणि दुसरीची चौथ्यावर ठेवावी. माझ्या गाडीची तशीच ठेवलेली होती.

जोडणी झाल्यावर दोन वायसर उरले तर ते कंपनीने जास्तीचे दिले होते, असे समजावे.

नाही, पण खरेच, मिस्त्री, तुम्हाला झाले आहे तरी काय? हात चांगला चालतो, इंजिनाचा आवाज ऐकून दोष ओळखता, आणि भिंतीवर टांगलेला रिंग पाना काढायला दोन पावले चालवत नाही? ते वायसर जास्तीचे नव्हते. ते बुशाच्या दोन्ही अंगांना असतात, म्हणून नट रबरात रुतत नाही. छिन्नी ही नट काढण्याची वस्तू नव्हे. समोर उभा असलेला माणूस "थांबा, आधी तेल मारा" असे सांगत असताना "तुम्ही बसा हो" म्हणणे हा अनुभव नव्हे, उर्मटपणा आहे, आणि मजुरीच्या पावतीवर "शॉकअप सर्व्हिस" असे लिहिणे ही लबाडी आहे. माझे दोन वायसर तुमच्या त्या तेलकट डब्यात पडले आहेत. ते शोधून ठेवा, आणि आटे पाडणारा माणूसही बोलावून ठेवा. मजुरी या वेळी तुमची.