व्हॅक्यूमचा फोटो

फ्रीज ड्रायर म्हणजे फळं गोठवून, आतली हवा पंपाने उपसून ती वाळवणारं मशीन. परवा रात्री साडेअकराला माझ्या मशीनवरचा आतल्या दाबाचा आकडा 2000 मिलिटॉरला येऊन बसला, तो हलायचं नावच घेईना. तो 500 च्या खाली यायला हवा. आत पाच ट्रे स्ट्रॉबेरी.

तुम्ही म्हणाल, बाहेरच्या हवेचा दाब 7,60,000 मिलिटॉर, तिथून 2000 पर्यंत आलं हे काय कमी आहे? कमी आहे. 500 ला बर्फ उणे 25 अंशांच्या आसपास राहतो आणि पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो. 2000 ला तोच उणे 10 वर येतो. नुसत्या बर्फाला त्याचं सोयरसुतक नसतं, पण फळात साखर असते आणि साखरेचं पाणी उणे 10 ला गोठलेलं राहत नाही, त्याचा पाक होतो. मग फळ वाळायचं सोडून फेसाळतं आणि ट्रेला असं चिकटतं, की खरवडताना ट्रेच सोलून निघेल असं वाटतं.

माझं मी सगळं पाहिलं होतं. ड्रेन व्हॉल्व्ह बंद. होज घट्ट. पंपाच्या ऑइलमध्ये पाणी शिरलं की ते दुधाळ होतं, माझं अगदी नितळ. तेव्हा केला कस्टमर केअरला फोन.

"नमस्कार सर."

"मॅडम."

"हो सर. बोला."

मी बोलले. सविस्तर बोलले.

"मशीन चालू आहे का?"

"पंपाचा आवाज येत नाही का तुम्हाला?"

"नाही ना मॅडम. तो मिक्सर बंद करा आधी, काही ऐकू येत नाहीये."

"तोच पंप आहे."

"बरं. मग व्हॅक्यूमचा एक फोटो पाठवा."

मी गप्प झाले. ज्यात काहीही नाही त्यालाच व्हॅक्यूम म्हणतात, अशी माझी आजवरची समजूत.

"आकड्याचा फोटो का?"

"आकड्याचा नाही, आतल्या व्हॅक्यूमचा. जरा क्लिअर काढा. मघाशी एकांनी पाठवला, तो पूर्ण ब्लर होता."

दाराच्या काचेला मोबाइल लावून मी फोटो काढला. हो, काढला. रात्री बारा वाजता माणूस काहीही करतो. पाठवला.

"मॅडम, यात ट्रे सोडून काहीच दिसत नाही."

"तोच व्हॅक्यूम."

"ओके. म्हणजे व्हॅक्यूम ओके आहे." पलीकडे टकटक टाइप केल्याचा आवाज. "प्रॉडक्टमध्ये पाणी होतं का?"

"होतं की! शंभरातले नव्वद भाग पाणीच असतं स्ट्रॉबेरीत. ते काढायलाच तर—"

"म्हणजे मशीनमध्ये पाणी गेलंय." पुन्हा टकटक. "वॉटर डॅमेज वॉरंटीत येत नाही, मॅडम."

इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं असतं. पुढे तो म्हणाला, "सर आहेत का घरी? त्यांना द्या ना जरा."

सर घरी होते. सर सोफ्यावर घोरत होते. सरांना हे मशीन अजून डिशवॉशरच वाटतं.

दोन वर्षं मी पदराला खार लावून हे शिकतेय. साल न टोचलेली द्राक्षं आतल्या आत ओली राहतात, हे मी एक अख्खी बॅच फेकून शिकले. मध वाळत नाही, त्याची चिकट पुरणपोळीसुद्धा होत नाही, नुसता चिकटा होतो, हेही शिकले. वरून कुरकुरीत लागणारा तुकडा मधोमध मोडून ओठाला लावायचा. गार लागला तर आत बर्फ आहे. ट्रे वजन करून परत दोन तास लावायचा. वजन उतरलं तर वाळलं नव्हतं. एकदा हा आळस केला, तर एका ओल्या तुकड्यापायी सगळी बरणी मऊ पडली. आणि वाळलेलं फळ बाहेर काढून फोनवर गप्पा मारत बसायचं नाही, हवेतला ओलावा ते अधाशासारखं पितं. यातलं सरांना काय माहीत? आणि त्या मुलाला तरी काय माहीत? पण प्रश्न विचारणार तो, आणि परीक्षा माझी.

"शेवटचा प्रश्न. दाराच्या गॅस्केटवर, म्हणजे त्या रबरी पट्टीवर, काही अडकलंय का?"

"नाही!" मी न बघता सांगितलं आणि फोन ठेवला.

पाच मिनिटांत मेसेज आला. तक्रार बंद. कारण: प्रॉडक्टमध्ये पाणी आढळले.

साडेबाराला पंप थांबवला, ड्रेन व्हॉल्व्ह उघडून आत हवा सोडली आणि दार उघडलं. कडेच्या फोडींना फेस आलाच होता. मग गॅस्केटवरून बोट फिरवलं. खालच्या कोपऱ्यात बोटाला काहीतरी लागलं. केस. एकच, हातभर लांब, मुळाशी पांढरा आणि पुढे काळा. सरांच्या डोक्यावर गेली आठ वर्षं एकही नाही.

गॅस्केट पुसलं, दार लावलं, पंप सुरू केला. अर्ध्या तासात 450.

सकाळी पुन्हा मेसेज. आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? केसाचं मी अजून कोणाला बोललेले नाही. एक तारा दिला.