मन मोकळं करणं म्हणजे उपचार नव्हे

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या वाद पेटलाय. सांगलीचा भाचा मोटरसायकलच्या अपघातातून वाचला, मागे बसलेला मित्र गेला. पाच महिने झाले, तरी हा गाडीला हात लावत नाही आणि हॉर्न ऐकला की घामाघूम होतो. मामा म्हणतात, "विषयच काढू नका, विसरेल." पुण्याची मावसबहीण म्हणते, "उलट सगळं बोलायला लावा, मोकळा होईल."

इंग्लंडमध्ये राहून या विषयात जे पाहिलं, त्यावरून मला दोन्ही सल्ले धोक्याचे वाटतात. आठवण टाळत राहिलं की ती विझत नाही. ज्या रस्त्याने जाणं बंद होतं, तो रस्ता मनात आणखी भयानक होत जातो. आणि धक्का ताजा असताना सगळं बळेच वदवून घेणं? कोणत्या आजाराला कोणता उपचार द्यावा हे सांगणाऱ्या इथल्या 'नाइस' या संस्थेची 2018 ची मार्गदर्शक तत्त्वं ते करू नका असंच सांगतात. शिफारस आहे ती आघातावर केंद्रित सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणाऱ्या उपचाराची, साधारण 8 ते 12 सत्रांची. ईएमडीआर या दुसऱ्या उपचाराचाही पर्याय आहे. त्यात आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांवर नजर फिरवायची असते.

सीबीटी म्हणजे नेमकं काय, हे इथल्या एका मराठी नर्समुळे कळलं. कोविडच्या आयसीयूनंतर तिला मॉनिटरचा 'टिंग' असह्य व्हायचा. मायक्रोवेव्ह वाजला तरी हातातलं भांडं खाली पडायचं. थेरपिस्टने तोच आवाज मोबाइलवर लावला आणि विचारलं: तेव्हा काय होतं, आता काय आहे? तेव्हा अंगावर पीपीई होतं, समोर पेशंट दगावत होता. आता अंगावर स्वेटर, बाहेर बसस्टॉप. हा फरक पुन्हा पुन्हा, आवाज चालू असताना. "आपण तो पेशंट मारला" ही तिची खोलवरची खात्रीही त्या रात्रीचा घटनाक्रम तपासून सैल केली. ही पद्धत अँके एहलर्स आणि डेव्हिड क्लार्क यांनी बसवलेली. मैत्रिणीपाशी रडल्याने हे होत नाही, मैत्रीण कितीही जिवाभावाची असो.

इथे हे एनएचएसमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेत, फुकट मिळतं, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवता येतं. रांग मात्र लांब असते, आणि त्या थांबण्यात माणसं खचतात, हेही सांगायलाच हवं.

"हे गोऱ्यांचं खूळ" हा मामांचा शेवटचा मुद्दा. त्याला उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात आहे. 1996 पासून काम करणाऱ्या 'संगत' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराचं व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून, देखरेखीखाली समुपदेशक केलं. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्यांच्या अभ्यासात डिप्रेशनच्या रुग्णांना त्याचा स्पष्ट फायदा दिसला. तो अभ्यास आघातावरचा नव्हता, पण माणसं घडवता येतात हे त्यातून दिसलं. मग आघाताच्या उपचारासाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, ती का घडवू नयेत?

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर 2022 पासून आहे, मराठीत बोलता येतं. घरात कुणी असं अडकलं असेल तर आजच लावा. पण फोननंतर त्या पोराला आठवडा-आठवड्याने समोर बसवून हे काम करणारं माणूस जिल्हा रुग्णालयात हवं. ग्रुपवर भांडायचंच असेल, तर मला वाटतं त्यासाठी भांडावं.