जूवारी आणि ज्वारी

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर एकच वाद चालू आहे. पुण्यातल्या एका हॉटेलाने ज्वारीच्या एका भाकरीचे साठ रुपये लावले. मावशी म्हणते, भाकरीला कसले साठ रुपये, घरी थापा! मामेभाऊ म्हणतो, आता ते 'मिलेट' झालंय, मोजा पैसे. हे सगळं मी टोकियोत सोबाच्या दुकानात बसून वाचत होतो.

दाराशी काचेआड एक आजोबा पीठ मळत होते. सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या शेवया. उत्तरेकडे उपासाला खातात तोच कुट्टू. त्याला चिकटपणा नाही, म्हणून पुष्कळ ठिकाणी आठ भाग कुट्टूत दोन भाग गहू घालतात. निव्वळ कुट्टूचा सोबा तो 'जूवारी', म्हणजे दहापैकी दहा भाग. आपल्या ज्वारीशी नावाचं नातं नाही, पण दुखणं तेच. पीठ तुटतं, म्हणून काही जण ते गरम पाण्यात मळतात. आई उकड काढते, तसंच.

थंड शेवया बांबूच्या चटईवर येतात. त्सुयूत, म्हणजे सोया सॉसच्या पातळ रश्शात, बुडवून फुर्रफुर्र ओढायच्या. इथे आवाजाला कुणी नाक मुरडत नाही. (शाकाहाऱ्यांनो, त्सुयूत बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो.) शेवटी शेवया उकडलेलं गढूळ पाणी उरलेल्या त्सुयूत ओतून प्यायचं. पेज पिऊन वाढलेल्याला हे शिकवावं लागत नाही.

बिल सणसणीत आलं. पण स्टेशनवर उभ्याने खायचा सोबा पाचशे येनच्या आसपास मिळतो. आजोबांच्या हाताला दाम आहे आणि घाईतल्या माणसाला परवडणारी वाटीही.

आपल्याकडे 1995 मध्ये सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली. ती केंद्रं गेली, वडापाव राहिला. 2023 हे भारताच्या पुढाकाराने भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि भाकरी थेट महागड्या थाळीत जाऊन बसली. पोळी-भाजी केंद्रं आहेत म्हणा, पण तिथे थापणारीला भाकरीमागे काय सुटतं, ते एकदा विचारा. मला साठ रुपयांपेक्षा 'घरी थापा' जास्त खटकतं. घरी थापते ती आईच, आणि फुकट.

जपानचेही गोडवे नकोत. इथला बराचसा कुट्टू बाहेरून येतो. आपल्या मंगळवेढ्याला निदान स्वतःची ज्वारी पिकते.

ग्रुपवर आजोबांच्या हातांचा फोटो टाकला. मावशीने लगेच विचारलं, "हे घरीही करतात का रे?"