सिंगापूरच्या तमिळांविषयीचा तो संदेश

सिंगापूरचे तमिळ लोक चौथ्या पिढीतही घरात इंग्रजीचा एक शब्द उच्चारत नाहीत, वर्तमानपत्र आणि दूरचित्रवाहिनी स्वतःच्या खिशातून चालवतात, चित्रपट पाहतात तो फक्त तमिळ, आणि मराठी माणूस मात्र विमानातून उतरताच भाषा विसरतो, अशा आशयाचा एक संदेश व्हॉट्सॲपवर घरोघरी फिरतो आहे. गेल्या रविवारी माझ्या आईने तो सिंगापुरात राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीला फोनवर वाचून दाखवला आणि वर ‘बघ, शिका काहीतरी’ असे सुनावले. बहीण गप्प राहिली. मला मात्र गप्प राहवत नाही, कारण या संदेशातील मुख्य विधानच खोटे आहे.

सिंगापूरच्या जनगणनेत पाच वर्षे व त्यावरील रहिवासी घरात मुख्यतः कोणती भाषा बोलतात याची नोंद होते. 2010 मध्ये तमिळचे प्रमाण 3.3 टक्के होते, 2020 मध्ये ते 2.5 टक्क्यांवर आले. त्याच दहा वर्षांत इंग्रजी 32.3 वरून 48.3 टक्क्यांवर गेली. तेथील रहिवाशांत भारतीय वंशाचे लोक सुमारे 9 टक्के आहेत आणि त्यांतील निम्म्याहून अधिक तमिळ आहेत. म्हणजे ढोबळ हिशेबाने निम्म्याच्या आसपास तमिळ माणसांच्या घरात आज मुख्य भाषा तमिळ नाही. ‘एक शब्दही उच्चारत नाहीत’ हे वाक्य लिहिणाऱ्याने ही आकडेवारी उघडूनही पाहिलेली नाही. तमिळ घरांतून तमिळ ओसरते आहे ही तेथील खरी चिंता आहे, आणि आपण त्यांचे कौतुक करता करता ती चिंताच पुसून टाकतो आहोत.

याहून मला लागते ती तुलना. तमिळ ही सिंगापूरच्या चार राजभाषांपैकी एक आहे. तमिळ मुलाला शाळेत इंग्रजीबरोबर मातृभाषा म्हणून तमिळ शिकता येते आणि तिची परीक्षाही असते. तमिळखेरीज बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी आणि उर्दू या भारतीय भाषांनाही 1990 च्या सुमारास शाळांत मुभा मिळाली. मराठी त्या यादीत नाही. माझा भाचा म्हणूनच शाळेत हिंदी शिकतो, आणि मराठी वाचायला त्याला त्याची आई रात्री स्वयंपाक आटोपल्यावर शिकवते. तिला ‘विसरलीस’ म्हणणे हा सरळसरळ अन्याय आहे.

वर्तमानपत्राच्या बाबतीत अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना, मान्य केले पाहिजे. ‘तमिळ मुरसु’ 1935 मध्ये को. सारंगपाणी यांनी सुरू केले, आणि पुढे मलाया विद्यापीठात तमिळचे शिक्षण व्हावे म्हणून त्यांनी ‘तमिळ एंगळ उयिर’, म्हणजे ‘तमिळ आमचा प्राण’, या नावाने लोकांकडून निधी उभारला. ही निष्ठा खरी होती. परंतु हे वृत्तपत्र 1995 पासून एका मोठ्या वृत्तसमूहात आहे, आणि त्या समूहाच्या सर्व भाषांतील वृत्तपत्रांना मिळून वर्षाला 18 कोटी सिंगापूर डॉलरपर्यंत सरकारी साहाय्य 2022 मध्ये जाहीर झाले. ‘वसंतम’ ही वाहिनीही सरकारी मालकीच्या प्रसारण कंपनीची आहे. खिशातून चालवतात ही गोष्ट आता इतिहासजमा झाली आहे.

चित्रपटांविषयीचा दावा फार वेळ देण्याच्या योग्यतेचा नाही. चेन्नईचा मोठा चित्रपट तेथे लागला की गर्दी होते, पण त्या गर्दीवरून कोणी इतर चित्रपट पाहत नाही असे ठरत नाही. स्थलांतरितांचे स्वतःचे सिनेमे कसे असतात हे पाहायचे असेल तर शेजारच्या मलेशियातील ‘जगत’ (2015) घ्यावा. रबराच्या मळ्यांतून शहराच्या कडेला आलेल्या तमिळ कुटुंबांची ही कथा आहे, आणि तिचे नावच ‘जहत’, म्हणजे वाईट, या मलय शब्दाच्या तमिळ उच्चारावरून आले आहे. 2016 मध्ये, बराच वाद होऊन सर्वोत्कृष्ट मलेशियन चित्रपटाचा पुरस्कार सर्व भाषांना खुला झाल्यावर, तो या तमिळ चित्रपटाला मिळाला. मलय शब्द तमिळ तोंडी रुळतात तेव्हा तमिळ संपत नाही, आणि घरात इंग्रजी बोलणारा तमिळ मुलगाही तमिळच असतो.

हे सर्व मी आईला सांगितले आहे. तिने तो संदेश आणखी दोन गटांवर पाठवला होता, तेथे हा मजकूरही पाठवीन असे तिने कबूल केले, आणि बहिणीला तिने आज सकाळी पुन्हा फोन केला.