पुतळ्याखाली एक नाव कमी आहे

गेल्या रविवारी भाचीला घेऊन गेटवेला गेले होते. ती यंदा जे.जे. कला महाविद्यालयात गेली आहे, शिल्पकलेला. तिला घोडे काढायचे होते, म्हणून आम्ही महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासमोर सावली बघून बसलो. तिने घोड्याचे मागचे पाय तीनदा काढले आणि तीनदा खोडले. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "मावशी, हा कुणी केला गं?"

सदाशिव साठे. सगळे त्यांना भाऊ साठे म्हणायचे. १९६१ च्या प्रजासत्ताक दिनी या पुतळ्याचं अनावरण झालं. त्याच्याआधी, वयाच्या तिशीच्या आत, त्यांनी दिल्लीच्या चांदनी चौकातल्या टाउन हॉलसाठी गांधीजींचा पुतळा केला होता. २०२१ मध्ये ते गेले. डोंबिवलीला त्यांचं शिल्पालय आहे, तिथे एकदा जाऊया असं मी तिला सांगत होते. शेजारी एक कुटुंब फोटो काढत होतं. त्यातले आजोबा वळून म्हणाले, "अहो, मी चाळीस वर्षं हा पुतळा बघतोय. नाव आज कळलं."

घरी आल्यावरही आजोबांचं ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण मी एका शिल्पकाराची मुलगी आहे आणि हेच वाक्य मी लहानपणापासून वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे.

बाबांची शेड लालबागला होती, एका गणपतीच्या कारखान्याच्या मागे. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात मातीचा हौद. जे.जे.तून बाहेर पडल्यावर पस्तीस वर्षांत त्यांनी एकोणीस पुतळे केले. बहुतेक सगळे तालुक्याच्या गावांसाठी. पुतळा म्हणजे काय असतो हे बाहेरच्या माणसाला फारसं माहीत नसतं, म्हणून थोडं सांगते. आधी लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करायचा. त्याला तारेने लाकडाच्या छोट्या फुल्या लटकवायच्या, नाहीतर नऊ-दहा फुटांची माती स्वतःच्याच वजनाने खाली घसरते. मग माती चढवायची. ती महिनोन् महिने ओली राहायला हवी, म्हणून रोज रात्री तिला भिजवलेलं फडकं गुंडाळायचं. आमच्या आईच्या जुन्या सुती साड्या सगळ्या तिथेच गेल्या. मे महिन्यात पत्र्याखाली माती भराभर सुकायची. बाबा रात्री दोनला उठून करी रोडच्या खोलीतून चालत शेडवर जायचे, पाणी मारायचे आणि परत येऊन झोपायचे. मातीला तडा गेला तर चेहरा गेला, एवढंच ते म्हणायचे.

माती मंजूर झाली की प्लॅस्टरचा साचा. पुढे मेण, भट्टी, ओतकाम, जोड घासणं, शेवटी रंग चढवणं. पैसे हप्त्यांनी मिळायचे आणि त्यातला मोठा वाटा ओताऱ्याकडे जायचा, कारण तांब्याचा भाव कुणासाठी थांबत नाही. शेवटचा हप्ता अनावरणानंतर मिळणार असायचा. एकदा तो मिळायला तीन वर्षं लागली. कुठल्या गावाने लावली, ते लिहीत नाही.

पण मला ज्या पुतळ्याबद्दल सांगायचं आहे तो वेगळा. एका गावातल्या शाळामास्तरांचा. त्यांनी त्या भागात पहिली शाळा काढली होती. गावाकडे त्यांचा एकच फोटो होता, तोही समूहातला, अंगठ्याएवढा चेहरा. बाबा चार वेळा त्या गावी जाऊन आले. मास्तरांच्या एक विद्यार्थिनी तेव्हा ऐंशीच्या घरात होत्या. त्यांनी सांगितलं, मास्तर बारा महिने डाव्या काखेत छत्री धरून चालायचे. वर्गातही छत्री काखेतच, खडू उजव्या हातात. बाबा खुशीत परत आले. त्यांनी मातीत छत्री केली. मी तेव्हा सातवीत होते. शेडमध्ये गेले आणि मला खरंच वाटलं की हा माणूस आता चालायला लागेल.

समिती माती बघायला आली. सगळ्यांना चेहरा आवडला. छत्री आवडली नाही. पुतळ्याला छत्री शोभत नाही, हातात ग्रंथ द्या, असं ठरलं. बाबांनी तासभर वाद घातला. शेवटी त्यांनी तारेने छत्री कापून काढली आणि उजव्या हातात पुस्तक दिलं. डावा हात मात्र त्यांनी तसाच ठेवला. तो पुतळा आजही तिथे उभा आहे आणि त्याचा डावा दंड बरगडीला किंचित दाबलेला आहे. का, ते गावात कुणाला माहीत नाही.

अनावरणाला आम्ही एसटीने गेलो. मंडप, हार, भाषणं. कोनशिलेवर बावीस नावं होती, मी मोजली होती. मंत्री, अध्यक्ष, उपाध्यक्ष, सभापती, सगळे सदस्य, बांधकाम ठेकेदारसुद्धा. बाबांचं नाव नव्हतं. मी रडवेली झाले तेव्हा बाबा म्हणाले, अगं मी सही केली आहे ना, पायाच्या मागच्या कडेला, धातूतच आहे ती. आम्ही मागे गेलो. चौथरा बांधताना पुतळ्याची बैठक चार बोटं खाली सिमेंटमध्ये बसवली होती. सही आत गेली होती. बाबांनी तिथे हात ठेवला, थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "चल, साडेचारची गाडी चुकेल."

गल्लीत आणि नातेवाइकांत बाबा "पुतळेवाले". आणि कलावंतांच्या जगातही तेच, फक्त तिथे त्या शब्दाचा सूर वेगळा. रात्री पुतळ्याचं काम संपल्यावर ते स्वतःची लहान शिल्पं करायचे. लाकडात, सिमेंटमध्ये, कधी भंगाराच्या पत्र्यात. १९८२ च्या संपानंतरची एक बैठी आकृती होती, रिकामा डबा मांडीवर घेऊन बसलेला गिरणी कामगार. आमच्याच चाळीतले एक काका तसे बसायचे. जहांगीर कलादालनात प्रदर्शनासाठी आठवडा मिळायला काही वर्षं थांबावं लागलं. मिळाला तेव्हा बाबांनी चौदा शिल्पं टेम्पोतून नेली. चित्रकाराला खिळा पुरतो, शिल्पाला स्टँड लागतो, हमाल लागतात, आणि घेणाऱ्याच्या घरात जागा लागते. दोन विकली गेली. पण त्याहून मला लागलं ते वेगळंच. एका जाणकार गृहस्थांनी माहितीपत्रक वाचलं आणि सोबतच्याला म्हणाले, "हे ऑर्डरचे पुतळे करतात ते." आणि डबा घेऊन बसलेल्या काकांच्या शिल्पाकडे न बघता पुढे गेले.

ही जी भिंत आपण घातली आहे, एका बाजूला ऑर्डरचं काम आणि दुसऱ्या बाजूला कला, ती मला कधीच पटली नाही. सासवण्याला जाऊन या. मांडव्याच्या जेट्टीपासून जवळ आहे, मुंबईहून एका दिवसात होतं. विनायक पांडुरंग करमरकरांचं घर आणि संग्रहालय तिथे आहे. या मुलाने गावच्या राममंदिराच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र पाहून ऑटो रॉथफिल्ड या कलेक्टरांनी त्याला जे.जे.त पाठवलं. पुढे त्याच माणसाने पुण्याचा साडेतेरा फुटी अश्वारूढ पुतळा केला. तो आपल्या माझगावात एकसंध ओतला गेला, रेल्वेने पुण्याला गेला आणि १९२८ मध्ये उभा राहिला. आता त्याच करमरकरांनी कुणीही सांगितलेलं नसताना केलेली कामं सासवण्याला बघा. शंखध्वनी बघा, कोळी माणसं बघा, अंगणातली म्हैस बघा. महाराजांच्या घोड्याच्या मानेत जो ताण आहे तो समजणारा माणूसच त्या म्हशीची सुस्ती करू शकतो. कसब एकच आहे, त्याचे दोन भाग करता येत नाहीत.

शिर्डीच्या समाधी मंदिरातली संगमरवरी मूर्ती १९५४ ची. ती बाळाजी वसंत तालीम यांची. त्या मूर्तीसमोर रोज हजारो माणसं हात जोडतात, आणि तो चेहरा आता इतका पक्का झाला आहे की साईबाबा म्हटलं की तीच बैठक डोळ्यांपुढे येते. संसदेच्या आवारातला बाबासाहेबांचा ब्राँझचा पुतळा, १९६७ चा, बी. व्ही. वाघ यांचा. गिरगाव चौपाटीवरचे टिळक रघुनाथ फडक्यांचे, वसईत जन्मलेले आणि पुढे धारला स्थायिक झालेले. फोर्टात न्यू इंडिया ॲशुरन्सच्या इमारतीवर १९३६ साली ना. ग. पानसऱ्यांनी केलेली शेतकरी, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया यांची उठावशिल्पं आहेत. ऑफिसला जाताना एकदा मान वर करून बघा. आपल्या मनातली थोर माणसं या लोकांनी घडवली आहेत. आपण त्यांना ओळखत नाही.

काही जण म्हणतात, पुतळा महापुरुषाचा असतो, तिथे कारागिराचं नाव कशाला? त्यांना मी रायगडावर जायला सांगते. जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर कोरलेलं आहे, "सेवेचे ठाई तत्पर हिरोजी". गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांची ती पायरी. छत्रपतींच्या राजधानीत, देवाच्या दारात, बांधणाऱ्याचं नाव चाललं. मग त्याच छत्रपतींचा पुतळा उभारताना शिल्पकाराला एक वीतभर दगड का मिळू नये?

आणि आणखी एक, ते लिहिताना हात जड होतो. मालवणला राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्राने पहिल्यांदा विचारलं, शिल्पकार कोण? वय काय, अनुभव किती, मातीचं मॉडेल केवढं होतं, कला संचालनालयाने काय मंजूर केलं होतं? हे सगळे प्रश्न योग्यच होते. पण ते पुतळा उभा राहण्याआधी विचारायचे असतात. चौथऱ्यावर नाव कोरायचं आहे हे पहिल्या दिवशी ठरलेलं असेल तर काम देणाराही दहा वेळा विचार करून नाव निवडेल, आणि करणाराही "एवढ्या दिवसांत होणार नाही" असं ठामपणे सांगू शकेल. बाबा असं सांगायचे आणि त्यामुळे त्यांची तीन कामं गेली. त्यांच्या एकोणीसांपैकी एकही पुतळा आजवर हललेला नाही.

बाबा आता शहाऐंशीचे आहेत. हात थरथरतात, पण रविवारी भाचीची वही त्यांनी भिंग घेऊन पाहिली आणि घोड्याच्या मागच्या पायाचा सांधा पेन्सिलीने दुरुस्त करून दिला.

मी गेल्या महिन्यात मास्तरांच्या गावच्या नगरपालिकेला अर्ज दिला आहे. चौथऱ्याच्या डाव्या अंगाला एक फूट बाय सहा इंचांचा काळा दगड बसवावा, त्यावर शिल्पकाराचं नाव आणि वर्ष असावं, दगडाचा आणि कोरण्याचा खर्च मी देईन. निर्णय व्हायचा आहे म्हणून गावाचं नाव इथे लिहिलेलं नाही. आणि बाबांचंही नाही, कारण त्यांचं म्हणणं आहे की आधी ते तिथे येऊ दे. ज्यांच्या गावात पुतळा आहे त्यांनी आपल्या नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत एवढंच विचारावं, हा कुणी केला? कागद सापडला नाही तर गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आणि मिळालेलं नाव इथे खाली लिहा.

अर्जासोबत पुरावा म्हणून शेडमधला एक फोटो जोडला आहे. माती ओली आहे, बाबा शिडीवर आहेत, आणि मास्तरांच्या डाव्या काखेत छत्री आहे.