कॉलेजआधीच कॉलेज उरकून टाका

पालकहो, मुलगा नववीत गेला तरी तुम्ही त्याच्या अमेरिकन कॉलेजच्या क्रेडिट्सना अजून हात घातलेला नाही? मग शनिवार-रविवार करता तरी काय? बी विंगमधल्या मुलीने अकरावीतच मॅक्रोइकॉनॉमिक्सची एपी, म्हणजे शाळेत असतानाच द्यायची कॉलेजच्या तोडीची परीक्षा देऊन ठेवली आहे. तिची आई लिफ्टमध्ये भेटली की म्हणते, ‘‘आमचं अजून काहीच ठरलं नाही हो.’’ ज्यांचं खरंच काही ठरलेलं नसतं, ती माणसं लिफ्टमध्ये असं बोलत नाहीत, मुकाट्याने जिन्याने जातात.

तत्त्व सोपं आहे. अमेरिकेतल्या पदवीला सेमिस्टरच्या हिशोबाने साधारण 120 क्रेडिट्स, म्हणजे अभ्यासाची मापं, जमवावी लागतात, एका विषयाची तीन किंवा चार. मुलाने शाळेतच त्या तोडीचा अभ्यास करून परीक्षा दिली आणि गुण चांगले पडले, तर बरीच कॉलेजं त्यातली काही क्रेडिट्स आधीच त्याच्या नावावर मांडून टाकतात. म्हणजे पोरगं विमानातून उतरतं तेच वीस-बावीस क्रेडिट्स खिशात घालून. एक सेमिस्टर वाचलं, जमलं तर वर्ष वाचलं, डॉलर वाचले. सेलमधल्या शर्टावर किती सुटले ते घरी येऊन तीनदा सांगणाऱ्या माणसाला हे ऐकल्यावर रात्री झोप लागणं शक्य नाही.

आता वाट निवडा. अमेरिकन कॉलेज बोर्डाची एपी आहे, 1955 पासूनची, 1 ते 5 असे गुण देणारी. केंब्रिजची ए लेव्हल आहे. पण तुम्ही आयबीच घ्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अकरावी-बारावीचा डिप्लोमा. आयबी 1968 साली जिनिव्हात निघालं ते मुत्सद्द्यांच्या आणि आंतरराष्ट्रीय संस्थांत काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी, ज्यांच्या आईवडिलांची बदली झाली की देशच बदलतो. आपली बदली फार तर फोर्टातून बीकेसीला होते. पण तेवढ्या कारणासाठी मुलाला जागतिक नागरिकत्वापासून वंचित ठेवणं बरं दिसत नाही.

मुंबई महापालिकेनेही आयबी आणि केंब्रिजच्या शाळा काढल्या आहेत, तिकडे मात्र चुकूनही बघू नका. फी नाही म्हटल्यावर मुलाला शिक्षणाची किंमत कळणार कशी? आपल्याला वर्षाला आठ-दहा लाखांची शाळा हवी, जिच्या जिन्यात पृथ्वीगोल टांगलेला असतो आणि जिथे मुख्याध्यापकांना ‘हेड ऑफ स्कूल’ म्हणतात. पैसे कुठून आणायचे असं विचारू नका. पार्ल्याची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हा बिल्डरने दिलेला कॉर्पस बँकेत पडून आहे. आजोबांनी तो म्हातारपणासाठी ठेवला आहे असं ते म्हणतात. म्हातारपण कुठेही जात नाही, अॅडमिशन जाते.

मग एक्सेलमध्ये हिशोब मांडा. डावीकडे दोन वर्षांची फी, काउन्सेलर, गणिताची वेगळी शिकवणी, फिजिक्सची वेगळी शिकवणी आणि निबंध ‘फक्त वाचून बघणारा’ माणूस. उजवीकडे वाचलेलं एक सेमिस्टर. डावी बाजू फुगलेली दिसली तर घाबरू नका, तो रकाना हाइड करा. डॉलरमध्ये वाचवायचं तर रुपयांत खर्च करावाच लागतो.

विषय निवडताना मुलाला काय आवडतं हे विचारून वेळ घालवू नका. सहा विषय असतात, त्यातले तीन हायर लेव्हलला, बाकीचे स्टँडर्ड लेव्हलला, आणि प्रत्येकाला 7 पैकी गुण. क्रेडिट्स बहुतेक ठिकाणी हायरवरच मिळतात आणि तीही 5, 6 किंवा 7 पडले तर. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं कोष्टक पाठ करा: एकेका हायर विषयात 5 किंवा जास्त असतील तर 8 क्वार्टर युनिट्स, आणि पूर्ण डिप्लोमा 45 पैकी 30 किंवा त्यावर गुणांनी मिळाला तर 30 युनिट्स. हा हिशोब सेमिस्टरचा नाही, त्याहून लहान क्वार्टरचा, म्हणून पदवीला लागतात 180. घरी सांगताना फक्त तीस सांगा.

भाषेचं काय? महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे, तेवढं एक सोसावं लागतं. दहावी झाली की सुटका. मग स्पॅनिश घ्या, ‘अब इनिशिओ’, म्हणजे अ आ ई पासून. दोन वर्षांत मुलगा माद्रिदमध्ये कॉफी मागवू शकेल. आजीकडे चहा मागताना अडखळतो खरा, पण आजी क्रेडिट देत नाही.

आता डिप्लोमासाठी लिहायचा चार हजार शब्दांचा एक्स्टेंडेड एसे. यात मूळ संशोधन अपेक्षित असतं, आणि परीक्षकाला मुंबईचा वास आला पाहिजे, फक्त कपड्यांना लागता कामा नये. ओळखीतल्या एका चिरंजीवांनी ‘घाटकोपर स्टेशनबाहेरील शेअर रिक्षांच्या मागणीची लवचिकता’ असा विषय घेतला. शेअर रिक्षात ते त्याआधी कधी बसले नव्हते. ड्रायव्हरने गाडी पुलाखाली उभी केली, चिरंजीव इंग्रजी प्रश्नावलीचे पन्नास कागद घेऊन रांगेपाशी गेले. पहिल्याच रिक्षावाल्याने कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, ‘‘आरटीओचा आहे का?’’ ही बातमी मागे पोचली तशी मागच्या तीन रिक्षा रांग सोडून निघून गेल्या. चौथ्याने मागे तिसरी सीट भरायची म्हणून त्यांनाच आत बसवलं. असल्फ्यापर्यंत गेले आणि दहाचे सुट्टे नाहीत म्हणून शिव्या खाऊन आले. प्रश्नावल्या शेवटी वडिलांच्या ऑफिसातल्या लोकांनी भरल्या. निष्कर्ष असा निघाला की भाडं वाढलं तरी मागणी फारशी हलत नाही. हे त्या रांगेतल्या कुठल्याही बाईने दोन शब्दांत सांगितलं असतं, पण मग उरलेल्या तीन हजार नऊशे अठ्ठ्याण्णव शब्दांचं काय करायचं?

याशिवाय कॅस असतं: सर्जनशीलता, शारीरिक हालचाल आणि सेवा, साधारण अठरा महिने. सेवेसाठी अनंत चतुर्दशीची दुसरी सकाळ राखून ठेवा. जुहूच्या वाळूत हातमोजे घालून निर्माल्य उचलायचं, फोटो काढायचा, आणि घरी येऊन ‘या अनुभवातून मी चिकाटी शिकलो’ असं मनोगत लिहायचं. पालिकेचे सफाई कामगार तिथे रात्रभर असतात. त्यांना मनोगत लिहावं लागत नाही, तेवढं त्यांचं नशीब.

आणि थिअरी ऑफ नॉलेज. आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, असा तो विषय. हा आणि तो चार हजार शब्दांचा निबंध मिळून जास्तीत जास्त 3 गुण मिळतात. सहा साती बेचाळीस आणि हे तीन, असे पंचेचाळीस. चोवीस हा पास होण्याचा किमान आकडा, पण तो घरात उच्चारू नका.

परीक्षा एप्रिलअखेर ते मेमध्ये, निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात. तोवर मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांच्या याद्या लागून गेलेल्या असतात. भारतीय विश्वविद्यालय संघ आयबी डिप्लोमा बारावीला समकक्ष मानतो, तरी प्रवेशाच्या खिडकीवरच्या बाईंना ते पटेलच असं नाही. पण आपल्याला त्या खिडकीशी काय करायचंय? आपल्याला अडचण येते ती नातेवाइकांची. काकू फोन करतात, ‘‘किती पडले?’’ तुम्ही अभिमानाने सांगता, ‘‘अडतीस.’’ पलीकडे शांतता. ‘‘पंचेचाळीसपैकी हो!’’ मग काकू मनात हिशोब करतात, ‘‘म्हणजे चौऱ्याऐंशी टक्के. हं. बरे आहेत. आमच्या स्वराला एक्याण्णव आहेत, एचएससीला.’’ इथे प्रतिवाद करू नये. विषय स्पॅनिशवर न्यावा.

इतकं सगळं पार पडलं की मुलगा कॉलेजात पोचतो आणि रजिस्ट्रारच्या ऑफिसातून मेल येतो. हा मेल उभ्याने वाचू नका. प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा असतो, आणि जितकं कॉलेजचं नाव मोठं तितका हात आखडता, असा साधारण अनुभव. डार्टमथ कॉलेजने 2014 पासून येणाऱ्या मुलांना एपीवर पदवीची क्रेडिट्स देणं बंदच केलं. त्याआधी त्यांच्या मानसशास्त्र विभागाने एपीत 5 पैकी 5 मिळवलेल्या शंभरावर मुलांना आपल्याकडच्या प्राथमिक कोर्सची छोटी परीक्षा दिली होती, तर 90 टक्के नापास. ही माहिती काउन्सेलर फी घेताना देत नाही, कारण ती पॅकेजमध्ये नसते.

बाकी कॉलेजं देतात हो, अगदी सढळपणे. फक्त तुमच्या चिरंजीवांची इकॉनॉमिक्सची क्रेडिट्स ‘जनरल इलेक्टिव्ह’ म्हणून मांडलेली असतात, म्हणजे पदवीच्या एकूण बेरजेत ती आहेत, पण मेजरसाठी, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयासाठी, तोच कोर्स पुन्हा करायचा. मुलीला पुढे मेडिकलला जायचं असेल तर तिथल्या बऱ्याच मेडिकल स्कूलना बायोलॉजी आणि केमिस्ट्री कॉलेजातच केलेली लागते. आणि शेवटची अमुक इतकी क्रेडिट्स आमच्याकडेच घेतली पाहिजेत, अशीही एक अट बहुतेक ठिकाणी खाली बारीक अक्षरांत असते.

पण खरी गंमत फीची. बऱ्याच कॉलेजांत पूर्णवेळ विद्यार्थ्याला सेमिस्टरची फी एकरकमी असते. लोकलचा पास काढला की रोज एक फेरी मारा नाहीतर चार, पैसे तेवढेच, तसा प्रकार. चार कोर्स घ्या, पाच घ्या, बिल बदलत नाही. त्यातून स्टुडंट व्हिसावर पदवीच्या मुलाला सेमिस्टरला निदान 12 क्रेडिट्स घ्यावीच लागतात. म्हणजे नऊ क्रेडिट्स वाचली म्हणून नऊ क्रेडिट्सचे डॉलर परत येत नाहीत. अख्खं सेमिस्टर लवकर पदवी घेऊन बाहेर पडला तरच काही वाचतं. आणि डिसेंबरात, सगळे मित्र अजून हॉस्टेलवर असताना, थंडीत कोणाचा मुलगा लवकर बाहेर पडतो?

तरी तुमचा मुलगा एका बाबतीत नशीबवान. आयबीच्या गणितावर त्याला पहिला कॅल्क्युलस माफ झाला. तो थेट दुसऱ्यात जाऊन बसतो आणि ऑक्टोबरात रात्री अडीचला तुम्हाला फोन करून सांगतो की ‘प्रोफेसर फास्ट शिकवतात’. त्याच कॉलेजात काकूंची स्वरा आहे. रुपारेलमधून बारावी सायन्स करून आलेली, एकही क्रेडिट न आणता. ती पहिल्याच कॅल्क्युलसला बसली, इंटिग्रेशन तिचं बारावीत घोटून झालेलं, तिला आरामात ए. हल्ली तुमच्या मुलाचा होमवर्क तीच करून देते, असं ऐकतो. काकूंना हे कळू देऊ नका.

आपल्याकडेही यूजीसीने 2021 मध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू केली, बरं का. मुंबई विद्यापीठातल्या पोरांची क्रेडिट्सही तिथे जमा होतात, तीन वर्षांच्या पदवीला चक्क निदान तीच 120. पण डिजिलॉकरमध्ये दिसणाऱ्या क्रेडिट्सबद्दल सोसायटीच्या गणपतीत कोण बोलतं?

तेव्हा तुम्ही तुमच्या वाटेवर ठाम राहा. तिसऱ्या वर्षी मुलगा फोन करून सांगेल, ‘‘बाबा, एक सेमिस्टर मोकळं होतंय ना माझं, तेवढ्यात फिलॉसॉफी मायनर करून टाकतो.’’ आवाज चढवू नका. आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे, हे तुम्हीच त्याला आजोबांच्या कॉर्पसमधून शिकवलंत. ‘‘फिलॉसॉफी करून नोकरी मिळत नाही’’ असं तुमच्या तोंडून निघालंच, तर तो अगदी शांतपणे विचारेल, ‘‘हे तुम्हाला कशावरून माहीत, बाबा?’’ आणि उत्तर चार हजार शब्दांत मागेल, तळटीपांसकट.