हजेरीपटाचं शेवटचं पान

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, सकाळी लवकर उठायचंय, पण हे लिहिल्याशिवाय आज झोप यायची नाही.

आज वस्तीतल्या मुलांचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या आमच्या संस्थेच्या 'स्ट्रॅटेजिक प्लॅन'साठी, म्हणजे पुढच्या तीन वर्षांच्या आराखड्यासाठी, दिवसभराची बैठक होती. घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात, एसी हॉलमध्ये. विश्वस्त, ऑफिसमधली दोन मुलं, आम्ही जुने कार्यकर्ते आणि पैसे देणाऱ्या कंपनीने नेमलेले सल्लागार. कळव्याच्या वर्गावरच्या बाईही होत्या. त्यांना मीच आग्रहाने आणलं होतं. ठेवणीतली साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत हजेरीपट.

ओळखी झाल्या. बाई म्हणाल्या, "मी वर्ग घेते." सल्लागार म्हणाले, "छान! मग तुम्ही दुपारच्या सत्रात बोला, ते अंमलबजावणीचं आहे." सकाळ व्हिजन आणि मिशनमध्ये गेली. मग स्वॉट, म्हणजे संस्थेची बलस्थानं, उणिवा, संधी आणि धोके, मग भिंतभर रंगीत चिठ्ठ्या. जेवणं उशिरा झाली आणि दुपारचं सत्र 'नंतर ऑनलाइन घेऊ' म्हणून गुंडाळलं. बाई सहा तास पिशवी मांडीवर घेऊन बसून होत्या. एकानेही त्यांना एक प्रश्न विचारला नाही.

मी दोनदा उठून बोलले. दोन्ही वेळा माझा मुद्दा कोपऱ्यातल्या एका कागदावर लिहून घेतला गेला. निघताना पाहिलं, तो कागद तिथेच भिंतीवर होता.

आता त्या हजेरीपटाबद्दल सांगते, म्हणजे माझी चिडचिड कशासाठी आहे ते कळेल.

२०१६ सालची गोष्ट. कळवा पूर्वेला पारसिकच्या डोंगरउतारावर आमचा अभ्यासवर्ग चालतो. पाचवी ते दहावीची मुलं, संध्याकाळी साडेपाच ते सात. त्या वर्षी मुलींची हजेरी निम्म्यावर आली. मुलगे येत होते, मुली नाहीत. तिमाही अहवाल मी लिहायचे. मी लिहिलं, 'पालकांमध्ये मुलींच्या शिक्षणाबाबत जागृतीचा अभाव.' उपाय म्हणून पालक मेळावा सुचवला. मेळावा झाला, फोटो निघाले, हजेरी होती तिथेच राहिली.

बाईंनी मेळाव्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या आठवडाभर वर्ग सुटल्यावर वस्तीत वर चढत गेल्या. आणि मग मला हजेरीपट आणून दाखवला. ज्या दिवशी मुली गैरहजर, तो एक दिवस सोडून एक दिवस होता. वरच्या गल्लीला पाणी एक दिवसाआड, तेही संध्याकाळी साडेपाच ते सात. मुली हंडे-कळश्या घेऊन नळावर उभ्या असायच्या. आठवीतली एक मुलगी तर निळ्या पिंपावर वही ठेवून गणितं सोडवत रांगेत थांबायची. जागृतीचा अभाव! त्या आयांना काय वाटलं असेल माझा अहवाल वाचून? वाचला नाही त्यांनी, हे माझं नशीब.

बाईंनी पाण्याच्या दिवशी वर्ग साडेसातला लावायला सुरुवात केली. नऊला सुटायचा, त्यांचे मिस्टर न्यायला यायचे. पंधरा दिवसांत मुली परत आल्या. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारून बाई हजेरीपटाच्या शेवटच्या पानावर वेळा लिहायला लागल्या, गल्लीवार. वेळा बदलल्या की खोडून नव्या. दहावीच्या मुलांच्या पूर्वपरीक्षा कधी, कोणत्या घरात लहान भावंडं सांभाळायची आहेत, कोण लग्नसराईत महिनाभर गावी जातं, सगळं त्याच पानावर आलं. पान भरलं की पुढच्या वर्षीच्या हजेरीपटात नवं पान. आज सल्लागारांनी विचारलं, "तुमच्याकडे आधीचं काही लिखित नियोजन आहे का?" आमचे एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले, "नाही हो, आजवर सगळं तोंडीच." बाई तीन खुर्च्या सोडून बसल्या होत्या. पिशवीत हात घालून हजेरीपट अर्धा बाहेर काढला होता त्यांनी. मी पाहिलं. मग परत आत ठेवला.

हे सल्लागार वाईट माणूस नाहीत. तयारी करून आले होते, आवाजही चढवला नाही. आणि काही गोष्टी त्यांनी अचूक पकडल्या, ते नाकारत नाही. अध्यक्ष आजारी पडले तेव्हा ८०जीच्या (देणगीदारांना करसवलत मिळते ती नोंदणी) नूतनीकरणाचे कागद कुठल्या कपाटात आहेत हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायचा असतो, आमचा दोन वर्षं पडून राहिला. लिहून ठेवायलाच हवं. ठीक आहे.

पण तीन वर्षंच का? मी विचारलं, तर उत्तर आलं, 'तशीच पद्धत आहे.' पद्धत कुठून आली ते मी सांगते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. त्यालाच सीएसआर म्हणतात. आणि सीएसआरच्या नियमांत एका वर्षाहून जास्त चालणारा प्रकल्प सुरुवातीचं वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षांचा. झालं, संस्थेचा प्लॅनही तीन वर्षांचा! आमची मुलगी पाचवीत येते आणि दहावीला बाहेर पडते. सहा वर्षं. आठवी-नववीत, जिथे मुली सगळ्यात जास्त गळतात, त्याच्या तोंडावरच आमचा प्लॅन संपणार. मुलीच्या शाळेच्या हिशेबाने प्लॅन करा ना! पैशाची तीन-तीन वर्षं त्याच्या पोटात बसवा. हे एवढं अवघड आहे का?

दुसरं. खर्चाच्या तक्त्यात बाईंचं मानधन 'प्रशासकीय खर्च' या रकान्यात टाकलं आणि वर सांगितलं की ते ५ टक्क्यांच्या आत आणा. अहो, ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे, वर्गात शिकवणाऱ्या बाईंवर नाही! त्याच तक्त्यात चाळीस टॅबलेट मात्र 'कार्यक्रम खर्च'. टॅबलेट वस्तीत वर चढत जाऊन मुलगी का आली नाही ते विचारणार आहे का? हे लिहिताना परत हात थरथरतोय माझा.

जरा पाणी पिऊन आले.

आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलंच उदाहरण आहे, आता तो भाग पालघरमध्ये येतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम करत होत्या. मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात गेली, अंगणवाडी झाली. गुरं राखणारी मुलं शाळेत येईनात, तर शाळा कुरणात गेली, कुरणशाळा झाली. १९७५ मध्ये सरकारची योजना आली तीही अंगणवाडी हेच नाव घेऊन. त्या दोघींना नियोजन येत नव्हतं असं कोण म्हणेल? मूल कुठे आहे आणि का आहे, तिथून त्यांचं नियोजन सुरू झालं. आमच्या बाईंनी कोसबाडचं नावही ऐकलं नसेल. पण पिंपाशेजारी उभी असलेली मुलगी दिसल्यावर त्यांनी तेच केलं.

आणि मी अहवालात काय लिहिलं होतं, ते मला आज दिवसभर आठवत होतं. म्हणून राग फक्त सल्लागारांवर काढणं बरोबर नाही. हॉल आम्ही मान्य केला, दिवस आम्ही ठरवला. आपण इतकी वर्षं या कामात असलेली माणसं, आपल्यालाही वस्तीतल्या बाईंपेक्षा पडद्यावरच्या स्लाइड खऱ्या वाटायला लागल्यात.

येताना बाई आणि मी एकाच रिक्षात होतो. माजिवड्याच्या सिग्नलला अर्धा तास अडकलो. मी म्हटलं, "बाई, आज तुमचा दिवस फुकट गेला, मला माफ करा." त्या म्हणाल्या, "असू दे ताई, जेवण चांगलं होतं. मुलांना सांगायला झालं, एवढ्या मोठ्या हॉटेलात गेले होते म्हणून." मग हजेरीपट काढला आणि शेवटचं पान दाखवलं. वरच्या गल्लीचं पाणी या आठवड्यापासून पुन्हा संध्याकाळी आलंय. सहावीतल्या तिघी दोन दिवस आलेल्या नाहीत. "सोमवारपासून त्यांचा वर्ग उशिरा घेते. तुमच्या प्लॅनमध्ये चालेल ना?"

त्यांनी अगदी मनापासून विचारलं होतं.

विश्वस्तांच्या ग्रुपवर आत्ताच त्या पानाचा फोटो टाकलाय, मुलींची नावं झाकून. पुढची बैठक कळव्याच्या वर्गात, सतरंजीवर, आणि पहिला तास बाईंचा, असं लिहिलंय. अजून कोणाचं उत्तर नाही. मंगळवारी संध्याकाळी मी तिकडे जाणार आहे, विश्वस्त येवोत न येवोत. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर साडेसातनंतर या. त्याआधी वरच्या गल्लीत पाण्याची रांग असते, पायऱ्यांवर हंडे ठेवलेले असतात, वाट मिळत नाही.